हिचा गोळ्या सोडवण्याचा दवाखाना

४ मार्च

झालं एकदाचं ठरून! महिनाअखेरीस ही निवृत्त होणार आणि त्याच दिवशी हिच्या दवाखान्याला कुलूप. रुग्णालयाचे प्रमुख म्हणतात, चालवायला कुणी तयारच नाही. कसं असेल? झोपेच्या नि मन शांत करायच्या गोळ्या लिहून देणारे पैशाला पासरी, त्या सोडवायला बसणारी ही एकटी.

उभं आयुष्य घातलं हिने यात. सुरुवातीला सहकारी तोंडावर हसायचे — "बाई, सवय लागते ती दारूची. डॉक्टरने दिलेल्या औषधाची कसली?" हिने वाद घातला नाही. रुग्णांना विचारत गेली, ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत टिपत गेली. "हातापायांत शाळा सुटलीय." "जमीन मऊ लागते." असली वाक्यं हिच्या शोधनिबंधांत आहेत! मला हिचा फार अभिमान वाटतो. तोंडावर कधी म्हणालो नाही, इथे लिहितो.

५ मार्च

भाजी करपली. हिचे रुग्ण घरीही फोन करतात, ही नसली की मी धीर देत बसतो. भूगोलाचा मास्तर निवृत्तीनंतर टेलिफोन ऑपरेटर झाला!

९ मार्च

डबा विसरली म्हणून द्यायला गेलो. आत एक बसड्रायव्हर हटून बसलेला. "डॉक्टरीणबाई, तुम्हीच सांगा ना, किती कमी करू!"

"गोळी तुमच्या पोटात जाते, तुम्ही ठरवा. जड गेलं तर तिथेच थांबा. पण एकदम सोडायची नाही."

हीच हिची पद्धत. गोळीचा कणभर तुकडा कमी करायचा, आणि कधी ते रुग्णाने ठरवायचं. घरी मात्र माझ्या चहात साखर किती, ते हीच ठरवते.

१२ मार्च

आज एक शिवणकाम करणारी बाई आली. हात इतके थरथरत होते की सुईत दोरा जाईना. चिठ्ठी कुणाची? आमच्याच चिरंजीवांची! तो दुसऱ्या गावी डॉक्टर, स्वतःचं क्लिनिक आहे. त्याने तिची गोळी एकदम बंद केली, ती थरथरायला लागली, तर "जुनी भीतीच परत आली" म्हणून दुप्पट लिहून दिली. ती सुरू न करताच बाई इकडे आली. जी चूक टाळायला शिकवण्यात हिचा जन्म गेला, नेमकी तीच!

हिने लगेच त्याला फोन लावला. "अरे, आजार नाही परतलेला. एकदम तोडलीस म्हणून झालं ते... नाही रे, ओरडत नाहीये मी!" ओरडतच होती. पलीकडून त्याने फोन ठेवला.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, आई, तुला जिकडेतिकडे गोळ्याच दिसतात."

जेवली नाही. मला वाटायचं, दवाखाना तोच पुढे चालवील. बोललो नव्हतो, पण आस होती. संपलं.

१३ मार्च

फोन केला. उचलला नाही.

२३ मार्च

शिवणवाली पुन्हा आली होती. अजून गोळीवरच आहे, पण हात बरेच स्थिरावले. हिच्या पांढऱ्या कोटाचं तुटलेलं बटण तिथल्या तिथे लावून दिलं. लागलं वाकडंच! ही तो कोट अंगात घालून घरापर्यंत मिरवत आली. इतक्या मानपत्रांनी ही अशी फुलली नव्हती. मीही हसलो.

२८ मार्च

ही बाजारात. फोन वाजला. पलीकडे नुसता धापा टाकल्यासारखा श्वास. हिचा कुणी रुग्ण असणार, म्हणून नेहमीसारखं म्हणालो, "घाबरू नका. सावकाश सांगा. गोळी कधीपासून घेताय?"

"क्लिनिक टाकलं तेव्हापासून, बाबा."