मधल्या मापाचं पिस्तूल

सुवी दो,
संत पेटकाच्या सणाचा दिवस, २७ ऑक्टोबर २०१९

माझ्या यागोडा पोरी,

तुला, व्लादानला आणि आपल्या नेवेनाला आजीचे खूप खूप पापे. मी बरी आहे, गुडघे तेवढे सोडून. गाय बरी आहे. तुझी मिलुंका मावशी बरी आहे. यंदाचा कोबी तिनं एकटीनंच आंबवायला पिंपात घातला, मला हात लावू दिला नाही. नेवेना झाल्याचं कळलं त्या दिवशी मी परातभर पिठाचे गोळे तळले, शेजारची गोर्दाना मध घेऊन आली. बाळ तिकडे पॉदगोरित्सा शहरात आणि आम्ही म्हाताऱ्या इकडे बोटं चाटतोय! गोर्दाना म्हणाली, "पणजीबाई, नाचू नका, कंबर मोडेल." मी म्हटलं, "मोडू दे, आता तिचं काय काम उरलंय?"

तू फोनवर पिस्तुलाचं विचारलंस तेव्हा मी "आवाज येत नाही" म्हणून फोन ठेवला. आवाज चांगला येत होता गं. मिलुंका शेजारी बसून घेवडा सोलत होती, म्हणून ठेवला.

व्लादानला मुलीसाठी बार काढायचाय, अगदी मुलगा झाला की काढतात तसा, हे ऐकून मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू! आमच्या वेळी मुलगी झाली की पुरुष अंगणातून हळूच गोठ्याकडे सरकायचे. आता तू विचारतेस की दुकानात तीन आहेत, लहान, मोठं आणि मधलं, व्लादानच्या मनात मधलं आहे, तर आजी, तुझं काय मत?

लहान काही कामाचं नाही. खिशात मावतं खरं, पण पकडायला जागा नाही, बकरीच्या पिल्लासारखं हातात उसळतं. मोठं म्हणजे ओझं, मनगट दुखतं, आणि घरात असलं की सगळे त्याला बिचकून असतात. मधलं चांगलं. गोळी बारीक, झटका कमी, मूठ हातात बरोबर बसते. आमच्या घरी तसंच होतं, माझ्या सासऱ्यांचं. दाराशेजारी खिळ्याला टांगलेलं असायचं. मला दिवस गेले की ते पुसून, तेल घालून, तीन गोळ्या भरून तयार ठेवायचे. मिलुंका झाली, गोळ्या काढल्या. पुढच्या वर्षी पुन्हा मुलगी, पुन्हा काढल्या. तिसरीच्या वेळी सासरे बोललेसुद्धा नाहीत, नुसता सुरक्षेचा खटका लावून ते गोळ्यांसकट परत खिळ्याला अडकवलं.

तर मधलं चांगलं. त्याचा दोष एवढाच की ते बाईच्याही हातात बसतं. त्याची भीती वाटत नाही.

यागोडा, गाय ओरडतेय म्हणून मघाशी उठले होते. गाय ओरडत नव्हती. मी नुसतीच अंगणात जाऊन पाण्याच्या टाकीपाशी उभी राहिले आणि परत आले. लिहितेच आता.

चौथी तुझी आई झाली. दारिंका. १९६६ साल, असाच ऑक्टोबर. सासरे रागानं कुरणावर निघून गेले, पिस्तूल तसंच भरलेलं टांगून. सुईण कपडे धुवायला गेली. मी तान्हीकडे बघितलं. इतकी सुंदर होती गं, काळ्याभोर जावळाची. माझ्या मनात आलं, हिनं काय पाप केलंय? उठले, भिंत धरत गेले, पिस्तूल काढलं. किती सहज हातात बसलं ते!

बार आकाशात काढायचा असतो, एवढं मलाही ठाऊक होतं. पण मी खिडकीत होते, वर वळचण आडवी येत होती, म्हणून हात तिरका धरला. पहिला बार झाला. दरीपलीकडून कोणीतरी तुझ्या आजोबांचं नाव घेऊन ओरडलं, "वुकोताला मुलगा झाला रे!" आणि मी हसले. खोटं नाही सांगत, मोठ्यानं हसले. हसता हसता दुसरा काढला. हात खाली आला होता. गोळी टाकीच्या दगडी काठावर आपटून उडाली.

मिलुंका सहा वर्षांची. तिला गोर्दानाच्या आईकडे ठेवलं होतं. बार ऐकून धावत टाकीपाशी आली होती, "भाऊ झाला का, भाऊ झाला का" करत. तिच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

तुझे आजोबा खालच्या वाफ्यातून धावत वर आले. एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा खिडकीकडे. माझ्या हातातून पिस्तूल घेतलं, बाहेर गेले आणि ब्रँडीच्या बाटल्या घेऊन अभिनंदनाला आलेल्या लोकांना म्हणाले, "पुसत होतो, सुटलं." मला म्हणाले, "तुझ्या अंगावर तान्हं आहे. गप्प बस."

मी गप्प बसले. तान्हं चालायला लागलं, शाळेत गेलं, लग्न होऊन गेलं, तरी मी गप्पच. गुत्त्यात लोक त्यांना म्हणायचे, "वुकोता, चमचा जपून पूस रे बाबा!" तेही हसायचे. मिलुंका नाही हसली कधी. जेवताना तिनं त्यांच्या हातून भाकरीचा तुकडा कधी घेतला नाही. त्यांच्या शेवटच्या आजारात औषध द्यायची, ते पेल्यात ओतून मेजावर ठेवायची आणि बाहेर जायची. ते माझ्याकडे बघायचे, मी खाली बघायची. त्यांना मातीत ठेवलं तेव्हा ती सगळ्यात मागे उभी होती. तेव्हा तरी सांगायला हवं होतं.

माझी अक्षरं डावीकडे कलतात म्हणून तू लहानपणी हसायचीस. मला शाळा कुठली! लिहायला मला मिलुंकानं शिकवलं, तिच्या डाव्या हातानं.

पिस्तूल घेऊ नका. मधलं तर नकोच. व्लादानला म्हणावं, रविवारी गच्चीवर जा आणि पोरीचं नाव छाती फुटेस्तोवर ओरड. शेजारी हसले तर हसू देत. नेवेना येईल तेव्हा इथे मीही ओरडीन. आणि बाळ आधी मावशीच्या हातात द्या, माझ्या नंतर.

पाकीट टपालात टाकायला मिलुंकाच खाली जाते. आजवर मी चिकटवून देत होते. आज उघडं देणार आहे, आणि म्हणणार आहे, "वाच, मग टाक." ती टाकील की नाही, ठाऊक नाही. हे तुझ्या हातात पडलं, तर समज की तिनं वाचून टाकलं. नाही पडलं, तर तुला काहीच कळणार नाही, आणि तेही मला मान्य आहे. हे आधी तिचं पत्र आहे, मग तुझं.

जिच्या हातून ती गोळी सुटली,
ती तुझी आजी
स्तान्का