गणपतीची नावनोंदणी, क्लाउडवर

१ ऑगस्ट २००९, शनिवार

जयपूरच्या मराठी मंडळाची मीटिंग, वसंतरावांच्या तिलक नगरच्या घरी. यंदा गणेशोत्सवातल्या स्पर्धांची नावनोंदणी मी इंटरनेटवर घेणार, असं जाहीर केलं. वसंतराव विमा कंपनीतून रिटायर झालेले, मंडळाचे सेक्रेटरी. गेली अकरा वर्षं घरोघरी फोन करून नावं लिहून घेतात. म्हणाले, "हिंदुराव, फोनवर ठीक चाललंय की." मी म्हटलं, फोन चालतोय, पण जग धावतंय. टाळ्या पडल्या नाहीत. शांतता पसरली. ती आदराची होती.

रेल्वेच्या सिग्नल खात्यात एकतीस वर्षं काढली. अख्ख्या यार्डाचं इंटरलॉकिंग सांभाळणाऱ्याला एक वेबसाइट जड नाही.

२ ऑगस्ट, रविवार

अक्षदाला पुण्याला फोन. कन्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिने क्लाउड समजावला. एका कंपनीच्या परदेशातल्या गोदामांत मोठाले कॉम्प्युटर असतात, त्यातला एक तुकडा आपण तासाच्या हिशोबाने भाड्याने घ्यायचा. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. मला ठाऊक होतंच, पण मुलांना सांगू द्यावं.

सबस्क्रिप्शन तिच्या क्रेडिट कार्डावर. माझ्या पेन्शनच्या बँकेचं कार्ड तिकडे चालत नाही. नोंदणीचा फॉर्मही तीच बनवून पाठवणार. दोनदा म्हणाली, बाबा, एकच मशीन घ्या. मग म्हणाली, मीच सगळं करून देऊ का. नको म्हटलं. फॉर्म तुझा, सर्व्हर माझा.

४ ऑगस्ट, मंगळवार, सकाळी १०

मशीन सुरू. नाव ठेवलं 'मंगलमूर्ती'. आत शिरण्यासाठी कंपनीने किल्लीची एक फाइल दिली. जपून ठेवा, पुन्हा मिळणार नाही, असं लाल अक्षरात. जपून ठेवली.

दुपारी ४. घरचा कॉम्प्युटर फार हळू चालतो. साफसफाई केली. नको त्या फायली काढल्या, कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. एकदम हलका झाला.

५.३०. किल्ली सापडत नाही.

६ ऑगस्ट, गुरुवार

कंपनीला इंग्रजीतून कडक मेल केला होता. उत्तर आलं: किल्ली परत देता येत नाही, नवीन मशीन घ्या. म्हणजे घर त्यांचं, कुलूप त्यांचं, आणि किल्ली हरवली की दोष भाडेकरूचा. रेल्वेत हे चाललं नसतं.

नवं मशीन घेतलं. 'मंगलमूर्ती-२'. पहिलं आपोआप बंद पडेल. ज्यात कुणी जाऊच शकत नाही ते चालू कशाला राहील.

७ ऑगस्ट, शुक्रवार

फॉर्म चढवला. पान उघडत नाही. नुसतं गोल फिरत राहतं. टेलिफोनची लाइन खराब, हे मी लगेच ओळखलं. लाइनमन रणजीतजी आले. तपासून म्हणाले, साहब, लाइन एकदम ठीक है. तरी वायर बदलायला लावली. तरी गोलच.

संध्याकाळी अक्षदाने विचारलं, फायरवॉलमध्ये पोर्ट ऐंशी उघडलं का. मशीनची सगळी दारं मुळात बंद असतात, कुठलं उघडायचं ते आपण सांगायचं. मी म्हटलं, तेच करत होतो. केलं. उघडलं.

वायरही खराब होतीच.

८ ऑगस्ट, शनिवार

दोनशे पत्रकं छापून आणली. वसंतरावांनी विचारलं, वेबसाइटचं नाव कुठे आहे. नाव घेतलंच नाही. नावाचं स्पेलिंग चुकतं. सिग्नलला नाव नसतं, नंबर असतो. म्हणून पत्रकावर सरळ मशीनचा नंबर छापला. अकरा आकडे, मधे तीन टिंबं. खाली नियम: नोंदणी वीस तारखेपर्यंत. नाव पुकारल्याशिवाय मंचाजवळ येऊ नये.

वसंतरावांनी पत्रक लांब धरून पाहिलं, मग जवळ धरून पाहिलं. म्हणाले, छपाई छान आहे.

१० ऑगस्ट, सोमवार

तेवीस नावं आली. झालान्यात राहणारी आठ वर्षांची सोनम, श्लोक पाठांतर. निनाद, चित्रकला. वसंतरावांना फोन करून आकडा कळवला. सहज म्हणून.

अक्षदा म्हणाली, रोज स्नॅपशॉट घेत जा, काही झालं तर उपयोगी पडतो. घेतला. डिजिटल कॅमेऱ्याने, स्क्रीनसमोर उभं राहून. एका बाजूला फ्लॅश पडलाय, पण नावं वाचता येतात.

१२ ऑगस्ट, बुधवार

एकेचाळीस.

आज प्रभावतीने विचारलं, मी नाव दिलं तर चालेल का. नाट्यगीत, ज्येष्ठ गट. मी म्हटलं, मला काय विचारतेस, फॉर्म भर. एका बोटाने वीस मिनिटं टाइप करत होती. लग्नाआधी इचलकरंजीत गायची म्हणे. मग माझ्या सात बदल्या झाल्या. पेटी रतलामला विकली, क्वार्टर लहान होतं.

बटण दाबल्यावर 'नोंदणी झाली. धन्यवाद.' असं आलं. ती बराच वेळ बघत बसली. म्हणाली, मला धन्यवाद म्हणतंय.

सर्व्हर सगळ्यांनाच म्हणतो, हे तिला समजावून सांगितलं.

१३ ऑगस्ट, गुरुवार

काल संध्याकाळी मशीन बंद केलं होतं. काम संपलं की दिवा मालवायचा, ही आमच्या खात्याची शिस्त. आज सकाळी सुरू केलं तर नंबर बदललेला. अकरा जणांचे फोन, पत्रकावरचा नंबर लागत नाही म्हणून.

अक्षदा म्हणाली, बंद करून सुरू केलं की नवा नंबर मिळतो. कायमचा हवा असेल तर वेगळा मागून घ्यावा लागतो. हा कुठला कायदा. मी घराला कुलूप लावून बाजारात गेलो तर परत येईपर्यंत बनी पार्कातला माझा घर नंबर बदलतो का.

कायमचा मागून घेतला. स्कूटरवरून फिरून साठ पत्रकांवर पेनाने दुरुस्ती केली. ऊन फार. यापुढे मशीन बंद करणार नाही. कधीच.

१६ ऑगस्ट, रविवार

मशीन चोरीला गेलं.

सकाळी पान उघडलं तर यादी रिकामी. दोन्ही मशीन गायब. खबरदारी म्हणून ताबडतोब तिसरं घेतलं आणि पोलीस ठाण्यात गेलो. हवालदाराने विचारलं, चोरी कहाँ हुई. मी म्हटलं, अमेरिका में. त्याने पेन खाली ठेवलं आणि चहा मागवला. माणूस सज्जन होता, पण तांत्रिक बाबतीत कच्चा.

घरी येऊन अक्षदाला फोन. म्हणाली, बाबा, पानाच्या वर कोपऱ्यात काय लिहिलंय. युरोप लिहिलं होतं. अमेरिका निवडल्यावर दोन्ही मशीन जागेवर. तिथे माझा हात लागलेला नाही, हे लिहून ठेवतो.

१८ ऑगस्ट, मंगळवार

कंपनीची नोटीस. कार्डाची मर्यादा भरत आली, दोन दिवसांत सबस्क्रिप्शन स्थगित होईल. अक्षदाचा फोन. ती चिडली की आवाज खाली आणते. तीन मशीन चालू आहेत, म्हणाली. पहिलंही? मी विचारलं. पहिलंही, चार तारखेपासून, रात्रंदिवस. आणि रविवारचं युरोपात.

ती म्हणाली, मी इथून दोन काढून टाकते. नको म्हटलं. यार्डातले नको असलेले डबे काढणं हे माझंच काम. ती म्हणाली, डिलीट करण्याआधी नाव नीट बघा. मी म्हटलं, तू जन्मायच्या आधीपासून नीट बघतोय.

१९ ऑगस्ट, बुधवार, सकाळी ११

युरोपातलं काढलं. अमेरिकेतलं काढलं. खात्री आहे का, असं विचारलं. हो म्हटलं.

११.२०. उरलेलं मशीन किल्ली मागतंय. दोन नंबरची किल्ली देतोय, घेत नाही.

११.४५. उरलंय ते पहिलं मशीन आहे.

दुपारी ३. कंपनीचं उत्तर: आपल्या विनंतीनुसार मशीन व त्यासोबतची डिस्क काढण्यात आली आहे. ती परत आणता येत नाही. आपल्याला मदत करता आली याचा आनंद आहे.

यांच्या आनंदाविरुद्ध मी लेखी तक्रार करणार आहे.

एकसष्ट नावं होती. अक्षदाने विचारलं, स्नॅपशॉट घेत होतात ना. घेतलेला कशाने, ते सांगितलं. ती म्हणाली, स्नॅपशॉट म्हणजे अख्ख्या डिस्कची नक्कल, ती कंपनीच्याच पानावर घ्यायची असते. मग म्हणाली, ठीक आहे बाबा. हे ती दहावीत गणिताचा पेपर अवघड गेला तेव्हा म्हणाली होती.

२० ऑगस्ट, गुरुवार

नावं गेली हे कुणालाही कळता कामा नये. या कामाला 'प्रत्यक्ष पडताळणी' असं नाव दिलं आहे. कॅमेऱ्यातल्या फोटोत तेवीस नावं आहेत. बाकीची घरोघरी जाऊन विचारायची, पण विचारतोय असं न दाखवता. संशय नको म्हणून फोटोतल्या काही घरीही जायचं.

आज सोळा घरं. झालान्यात सोनमने पडताळणी म्हणून पूर्ण श्लोक म्हणून दाखवला. मधे अडकली, मतलब, मतलब, असं म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. तिच्या आईने पोहे केले. प्रत्येक घरी पोहे.

२१ ऑगस्ट, शुक्रवार

एकोणीस घरं. काही जणांनी विचारलं, नेटवर दिलं होतं ना नाव. मी म्हटलं, प्रत्येक मोठ्या सिस्टिमला पडताळणी असते. शेवटी तिलक नगर. वसंतरावांनी सगळं ऐकून घेतलं. आतून फोन नंबरांची वही आणून माझ्यासमोर ठेवली. त्यांचा मान राखायला मी ती घेतली.

प्रभावती म्हणाली, पायाला तेल लावून देऊ का. स्कूटरला किक मारून माझा घोटा सुजलाय.

२२ ऑगस्ट, शनिवार

साठ नावं. एक कमी. कुणीतरी दोनदा भरलं असणार. वसंतरावांनी फोनवर विचारलं, सगळी घरं झाली? मी सांगितलं, जयपूरातलं एकही मराठी घर सोडलेलं नाही. यादी टाइप केली, सहा प्रती काढल्या. डिस्क असो नसो, एकसष्टातली साठ परत उभी केली. कंपनीतल्या एकाला तरी हे जमलं असतं का.

२३ ऑगस्ट, रविवार

गणपती बसले. आज सर्व्हरविषयी काही लिहिणार नाही.

२५ ऑगस्ट, मंगळवार, संध्याकाळी ५

स्पर्धा पार पडल्या. माइक माझ्याकडे. साठच्या साठ नावं पुकारली, एकही गोंधळ नाही. सोनमने न अडकता म्हटलं. ज्येष्ठ नाट्यगीताला चौघं होते. चौघांचं झाल्यावर परीक्षकांना निकालासाठी बोलावलं. पेटीवर मधुमतीबाई होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या भाता मिटेनात. मी पुन्हा सांगितलं, निकाल. मग त्यांनी मिटला.

प्रभावती तिसऱ्या रांगेत होती. जांभळी पैठणी. हातात घडी केलेला कागद. नवऱ्याचा कार्यक्रम म्हणून नटून आलीय, असं मला वाटलं.

बक्षीस वाटप चालू असताना लक्षात आलं. तेव्हा मंचावर निनादचा फोटो काढत होते.

रात्री ८

घरी आल्यावर विचारलं, हात का वर केला नाहीस. ती पैठणीची घडी घालत होती. म्हणाली, "नाव पुकारल्याशिवाय येऊ नये, असं पत्रकात होतं."

मी म्हटलं, पण आठवण तरी करायचीस, इतके दिवस मी घरोघरी फिरत होतो. ती म्हणाली, "तेच तर. मला वाटलं, माझं तुम्हाला माहीत आहे, म्हणून विचारत नाही."

यात तांत्रिक चूक कंपनीचीच आहे. डिस्क गेली नसती तर नाव गेलं नसतं. हे मी तिला सांगितलं नाही.

२७ ऑगस्ट, गुरुवार

अक्षदाने सबस्क्रिप्शन रद्द करायला सांगितलंय. वसंतरावांचा फोन आला होता. पुढच्या वर्षी नेटवरच ठेवू, म्हणाले, मी फक्त जोडीला फोन करत जाईन. त्यांच्या आवाजात टोमणा शोधला. सापडला नाही.

रद्द करण्याच्या फॉर्मवर कारण विचारलंय. तीन पर्याय. महाग आहे. सेवा समाधानकारक नाही. इतर. दुसऱ्यावर बाण नेला. तक्रारीचा मसुदा तयारच होता, मुद्देसूद, नऊ कलमं. मग 'इतर' दाबलं. 'इतर'च्या खाली चौकट असते. ती रिकामी सोडली तर फॉर्म पुढे जात नाही.

प्रभावती दारात भाजी निवडत बसली होती. विचारलं, कुठलं पद म्हणणार होतीस. म्हणाली, आता काय त्याचं. थोड्या वेळाने तिने नाव सांगितलं. मी म्हटलं, हे मी तुझ्याकडून कधी ऐकलेलं नाही.

ती म्हणाली, "दहा दिवस रोज दुपारी म्हणत होते. याच खोलीत. तुमच्या खुर्चीच्या मागे बसून."