लॅपटॉप जुना आहे, साहेब

१२ नोव्हेंबर, बुधवार
मानवी प्रतिष्ठेवर आज पोपटी रंगाचा घाला पडला. सिंगापूरच्या सहलीसाठी टूरवाल्यांनी टोप्या वाटल्या. विमानतळापासून विमानतळापर्यंत डोक्यावरून काढायची नाही. हरवली तर दोनशे रुपये. चोपन्न वर्षांत या डोक्यावर कुणाला काही बसवता आलं नव्हतं, बायकोला, सुनंदालासुद्धा नाही. पेपरातलं सदर बंद केलंय म्हणून, नाहीतर एवढ्यावर रविवारचा लेख भागला असता.
टोप्या दोन मिळाल्या. बुकिंग दोघांचं. सु.नं जानेवारीत केलेलं. मार्चमध्ये ती गेली. पैसे परत नाहीत, नाव बदलून मिळेल, असं काउंटरवरच्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं. बदललं. सु.चा धाकटा भाऊ प्रल्हाद येतोय. पाचोडला पाण्याच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करून देतो. यापुढे प्र.

१५ नोव्हें., शनि.
प्र. गारखेड्याला आला, घरी. पोरीला, रूपालीला, लॅपटॉप घ्यायचाय. इथंच शिकते, होस्टेलवर असते.
"दाजी, तिकडं परदेशी माणसाला टॅक्स वापस देतेत म्हणं. खरंय का?"
खरंय. घेताना पासपोर्ट दाखवायचा, निघताना विमानतळावर वस्तू दाखवायची. सात हजारांच्या वर सुटतात. पासपोर्ट त्याचा, कार्ड माझं. त्यानं रोख आणून दिले, रबर लावून.
मग मी ज्ञान पाजळलं. नेपाळच्या पलीकडे न गेलेला मी. म्हणालो, खरी गंमत मुंबईला. नवी वस्तू दिसली की कस्टमवाले धरतात. खोका फेकायचा, प्लास्टिक सोलायचं, विचारलं तर एकच वाक्य: ओल्ड, सर. फ्रॉम होम, सर. दहा वेळा म्हणून घेतलं. तो सावधानमध्ये उभा राहून म्हणत होता. बहुतेक हसलो मी. खात्री नाही.

१९ नोव्हें.
सिंगापूर. स्वच्छ. बाकी काही वाटलं नाही.
गाइडची यादी जुनीच आहे. रोज सकाळी बसमध्ये पुकारते, "मिसेस सुनंदा?" पहिल्या दिवशी मी खिडकीबाहेर बघत राहिलो. प्र. हात वर करून म्हणाला, "हजर." आता रोज म्हणतो. बस निघते.
लॅपटॉप घेतला. हॉटेलवर प्र.नं बॅगेतून कुंकवाची पुडी काढली. लॅपटॉपच्या झाकणावर स्वस्तिक काढलं. "मशीन पहिल्यांदा चालू करताना लागतंच, दाजी." दुरुस्त केलेली प्रत्येक मोटर तो अशीच सुरू करतो. म्हटलं राहू दे, आणखीच घरचा दिसेल. खोका त्याला ठेवायचा होता. "चांगलाय वो, रूपालीची पुस्तकं राहतेत." मी नेऊन कचऱ्यात टाकला.

२१ नोव्हें., शुक्र.
विमानतळ. टॅक्स परतीच्या मशीनमध्ये पासपोर्ट घातला, स्क्रीननं काउंटरवर जायला सांगितलं. तिथला अधिकारी सभ्य. लॅपटॉप हातात घेऊन सहज विचारलं, हा नवाच ना?
प्र. सावधान. छाती पुढे. पोपटी टोपी सरळ.
"ओल्ड, सर! फ्रॉम होम, सर!"
युनिफॉर्म दिसला, वाक्य सुटलं. मुंबईसाठी भरलेली बंदूक सिंगापूरला उडाली. अधिकाऱ्यानं कुंकू बघितलं. खोका मागितला. खोका नाही. मी माझं सगळं इंग्रजी खर्च केलं. तो म्हणाला, हेच गृहस्थ म्हणतात जुना आहे. टॅक्स परत मिळणार नाही.
मागं आमची आख्खी पोपटी रांग. कुणीतरी फिस्कन हसलं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "प्रल्हाद, एवढीसुद्धा अक्कल नाही का तुला?"
त्यानं टोपी काढली, घडी करून खिशात ठेवली.

२२ नोव्हें.
मुंबईला आमच्याकडं कुणी ढुंकूनही बघितलं नाही.
इथल्या स्टँडवर उतरलो. "येतो दाजी." गेला. जाताना टोपी माझ्या हातात दिली, दोनशेचा दंड नको म्हणून. दोन्ही कपाटात.

३० नोव्हें., रवि.
आठ दिवसांनी नळ आला. टाकी भरली.
नियम वाचला. मोठ्या माणसानं एक लॅपटॉप आणला तर मुंबईला कर लागतच नाही. नवा असला तरी. वाक्याची गरजच नव्हती. खोका टाकायचीही नव्हती. अक्कल कुणाची, हा प्रश्न निकाली.
मार्चपासून दर रविवारी प्र.चा फोन यायचा. "जेवलात का दाजी?" "जेवलो." "बरं." एवढंच. गेल्या रविवारी नाही. आज नाही.
मी करू शकतो. नंबर आहे.

७ डिसें., रवि.
नाही आला.
संपादकांचा आला. सदर कधी सुरू करताय, लोक विचारतात. बघू म्हटलं.
दाजी म्हणणारा माणूस जगात एकच उरलाय. हे लिहिताना काही वाटायला हवं. खिचडी केली.

१० डिसें., बुध.
रूपालीच्या होस्टेलवर गेलो. पाकीट दिलं. सात हजार दोनशे. "बाबांना सांग, सिंगापूरचे पैसे माझ्या कार्डावर जमा झाले." तिच्या लॅपटॉपवर कुंकू तसंच होतं, वरून सेलोटेप लावलेली.
संध्याकाळी फोन.
"दाजी, त्यो सायब तर नाय म्हणला व्हता."
"फेरविचार केला त्यांनी."
"माझं खोटं कळलं का मग त्याला?"
"वाक्य माझं होतं, प्रल्हाद. चूक माझी. बोललो तेही चुकलं."
तिकडं चाललेली मोटर त्यानं बंद केली. मग, "मला वाटलं, चार लोकांत तुमची इज्जत घालवली. कुठल्या तोंडानं फोन करू?"
मी फोन दुसऱ्या कानाला लावला.
"जेवलात का?"
"नाही अजून."
"रविवारी येतो, मोसंबी घिऊन. आन दाजी, पैसे आल्याचा त्यो मेसेज दाखवा मला. दुकानात लई जण विचारतेत, खरंच वापस देतेत का म्हणून."
बरं म्हटलं.
मेसेज कुठून दाखवणार. पैसे माझेच होते हे त्याला माहीत आहे की नाही, आवाजावरून कळेना. दोन माणसांच्या चहाला पाणी किती, तेही आठवेना. रविवारला चार दिवस आहेत.