एक वीत रुंदीच्या रेल्वेची व्यवस्था

मी, प्रेमदास नत्थूजी उमाटे, वय वर्षे तेवीस, शिक्षण चौथीपर्यंत, राहणार वडनेर, तालुका हिंगणघाट, जिल्हा वर्धा, सध्या मुक्काम हिमाचल प्रदेश, बोगद्याच्या कामावर मजूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ताप नाही, दारू घेतलेली नाही, कोणी दमदाटी केलेली नाही. उजव्या हाताचे एक बोट ठेचलेले असल्यामुळे अक्षर तिरपे येते, त्यावरून कोणी शंका काढू नये. याआधी मी असा कागद कधी केलेला नाही.

कारण असे की, मागच्या पंधरवड्यात बोगद्यात छताचा दगड सुटून दुसऱ्या पाळीतला एक माणूस गेला. तेव्हापासून हजेरीबाबू अण्णाजी सगळ्यांकडून वारसाचा कागद भरून घेतात. त्यावर एकाच नावाची जागा असते. मी म्हटले, माझे एका नावात भागत नाही, रेल्वे आहे. ते म्हणाले, "रेल्वे सरकारची असते." मी म्हटले, ही माझी आहे, घरामागच्या वाडीत आहे, एक वीत रुंद आहे. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले आणि कोरे कागद दिले. कायद्याची वाक्ये कशी घालायची ते त्यांनी सांगितले. मधले माझे मी घातले आहे.

कलम १. शेतातला माझा हिस्सा मोठे बंधू वासुदेव नत्थूजी उमाटे यांस द्यावा. मी त्यात पाच वर्षांत एकदाही नीट वखर धरला नाही, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. "घोड्याएवढा झाला अन् झुकझुकगाडी खेळून राह्यला," हे त्यांनी चावडीसमोर चार लोकांत म्हटले, तेही मी विसरलेलो नाही. तरी शेत त्यांचेच.

कलम २. पोस्टात माझ्या नावावर जे काही असेल ते मातोश्री देवकाबाई यांचे. कमी भरले तर माफी असावी. मी एका जागी टिकत नाही. जिनिंगमध्ये सात महिने, वेल्डिंगच्या दुकानात एक वर्ष, आर्वीच्या छोट्या लायनीवर गँगमध्ये एक उन्हाळा, मग इथे. प्रत्येक जागी काहीतरी पाहायचे असते. ते पाहून झाले की पाय उचलतो.

कलम ३. माझी हत्यारे, म्हणजे हातोडे दोन, पाने सहा, कानस चार आणि करवत, हिंगणघाटच्या लेथवाल्या हिरालालभाऊंना द्यावीत. कारण सांगतो. तिसरीत असताना मी मास्तरांना विचारले की बंडीला वळवायला बैल लागतात, मग रेल्वे कोणाच्या बळावर वळते? मास्तरांनी कानाखाली दिली. मी नऊ वर्षे तोच सवाल घेऊन हिंडलो. शेवटी हिंगणघाट स्टेशनावर मालगाडी उभी असताना खाली वाकून चाकावरून हात फिरवला. चाक सपाट नव्हते, बाहेरच्या अंगाला उतरते होते. हिरालालभाऊंना सांगितले तर ते म्हणाले, "चाल, तसंच काढून पाहू." त्यांनी दिवसभराचे काम बाजूला ठेवून तशी दोन चाके काढली आणि एका आसावर बसवली. दोन वासे तिरपे ठेवून त्यांवर सोडली तर ती आपोआप मधोमध येत गेली. आम्ही दोघे वीस वेळा सोडून पाहत होतो. गिऱ्हाईक दाराशी उभेच.

कलम ४. आता रेल्वे. आमच्या वडिलांची आणि काकाजींची, म्हणजे श्री. किसनराव उमाटे यांची, वाटणी झाली तेव्हा मागची वाडी लांबीत चिरली. प्रत्येकाला बारा हात रुंद आणि चाळीस हात लांब पट्टा आला. मोजायची दोरी वडिलांनी ताणून धरली की काकाजींनी ढिली सोडली, यावर त्या दिवशी बोलणे बंद झाले, ते नऊ वर्षे बंद राहिले. वडील तसेच गेले.

मी रूळ आमच्या पट्ट्यात टाकले होते. बंडीच्या चाकांच्या जुन्या लोखंडी धावा सरळ करून रूळ केले, बाभळीच्या फळ्या कापून खाली घातल्या, त्याखाली मुरूम. इंजिनासाठी मायचा तांब्याचा बंब घेतला. ती म्हणाली, "मंग म्या आंघोळीले पानी कशात तापवू?" मी म्हटले, "माय, गाडी फिरून आली का तिच्यातलंच घेजो." आणि ती खरोखरच घ्यायची. आत पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, जाळायची. वाफ जास्त झाली तर सोडायला कुकरची शिट्टी बसवली. सगळे जमले, पण बारा हातांत गाडी वळेना. प्रत्येक वळणाला बाहेर पडे. वळण मोठे पाहिजे, आणि मोठ्या वळणाची जागा धुऱ्यापलीकडे, म्हणजे बांध ओलांडून काकाजींच्या पट्ट्यात होती.

मी काकाजींकडे गेलो. ते बैलाला पाणी पाजत होते.

"काकाजी, तुमच्या वाडीतून गाडी न्याची हाये."

"बंडी?"

"रेल्वे."

बैलाने पाणी पिऊन तोंड वर काढले, तशी काकाजींनी बादली बाजूला सारली. मग म्हणाले, "थांबन काय माह्या इकडं?"

"थांबन. टेशन देतो तुमाले."

"नाव काय ठेवशीन?"

"किसनपूर."

"हं. पण माह्या आवारात रूळ मी टाकीन. तुह्या भावाचं फावडं माह्या मातीत नाई आलं पायजे. किती रुंद?"

"एक वीत."

एवढेच बोलणे झाले. त्यांनी पंधरा दिवसांत त्यांच्या बाजूचे रूळ टाकले, साठ पार केलेल्या माणसाने, एकट्याने. त्यांची मुलगी नलू फक्त खिळे देत होती.

कलम ५. १९८३ च्या दिवाळीच्या पाडव्याला गाडी सोडली. अर्धे वडनेर कुंपणाला लागून उभे होते. आमच्या बाजूने गाडी झकास गेली, शिट्टी वाजली, लोक ओरडले. धुरा ओलांडला आणि इंजिन दोन रुळांच्या मध्ये खाली बसले.

काकाजी म्हणाले, "तुमच्या इकून चांगली आली, माह्याकडं येऊन पडली. म्हंजे माही जमीन वाकडी काय?"

वासुदेवदादा म्हणाले, "रूळ रुंद हाये तुमचा, काकाजी."

"एक वीत म्हने, एक वीत टाकला. हे पाय!" त्यांनी वाकून पंजा लावला. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत बरोबर बसला. दादांनी माझा हात धरून आमच्या रुळावर लावला. तोही बरोबर बसला. काकाजींचा पंजा माझ्यापेक्षा बोटभर मोठा आहे. हे मला तिथे, सगळ्यांसमोर, पहिल्यांदा दिसले.

मी तेव्हाच बोलायला पाहिजे होते. मी खाली पाहत उभा राहिलो, कारण मला वाटत होते की एका बोटाने एवढे कसे काय होते, चाक नेमके कुठे सुटले. तोवर काकाजी म्हणाले, "तुह्या बापानंही अशीच दोरी ताणली होती," आणि दादा म्हणाले, "आता भितच घालतो, मंग मोजा." आठव्या दिवशी भिंतीच्या विटा येऊन पडल्या. नवव्या दिवशी मी घरून निघालो.

इथे लिहून ठेवतो, आणि हे कायद्याने वाचून दाखवावे: चूक काकाजींची नाही, दादांची नाही, वडिलांच्या दोरीची नाही. चूक माझी. मी माप दिले नाही, शब्द दिला.

कलम ६. हे मला इथे कळले. आमचा बोगदा डोंगराच्या दोन्ही अंगांनी खणतात. इकडचे तिकडच्यांना दिसत नाहीत, ऐकू येत नाहीत, तरी मधे भेटणार म्हणतात. मी मोजणीवाल्या साहेबांना विचारले, कसे? बाकीचे हसले. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "फीता एक ही है, बेटा. दोनों तरफ उसी से नापते हैं."

त्या दिवसापासून मी फुटक्या ड्रिलच्या लोखंडाची एक कांबी माझ्या वितीएवढी कापून घासून ठेवली आहे. ती या कागदासोबत जाईल. ती मायने ठेवावी. दादांकडे नको, काकाजींकडे नको. रुळाला हात लावणाऱ्याने तिच्याकडून मागून न्यावी आणि परत आणून द्यावी. काकाजींचे रूळ बोटभर आत घ्यावे लागतील. ते काकाजींनीच घ्यावेत, दुसऱ्याने त्यांच्या मातीत फावडे घालू नये.

कलम ७. वाडीतला माझा हिस्सा, म्हणजे धुऱ्याला लागून दोन हात रुंद आणि चाळीस हात लांब पट्टी, ही दादांना देत नाही आणि काकाजींनाही देत नाही. आर्वीच्या लायनीवर मी पाहिले आहे की रुळाच्या दोन्ही बाजूंची थोडी जागा रेल्वेचीच असते, तिथे कोणी घर बांधत नाही. तशी ही पट्टी दोन्ही घरांनी मिळून रेल्वेची म्हणून ठेवावी. तिच्यावर भिंत घालू नये. माझ्या सगळ्या मालमत्तेत मला एवढेच पाहिजे आहे. बाकी कलमे इकडची तिकडे झाली तरी चालेल.

कलम ८. माझ्या शंका कु. नलू किसनराव उमाटे हिला द्याव्यात. ती दहावीत आहे, तिला कोणी मारणार नाही. पहिली: गाडी दिसायच्या आधी रूळ का गुणगुणतो? दुसरी: बोगद्यात हिवाळ्यात गरम आणि उन्हाळ्यात गार का लागते? तिसरी: पऱ्हाटीच्या धुराचा वास लाकडाच्या धुराहून वेगळा का? उत्तर मिळाले तर मला कळवायचे कसे ते मात्र मला सुचत नाही.

येथवर लिहून चार दिवस झाले. कामामुळे पुढे जमले नाही. आज डाक आली. नलूचे पत्र आहे. त्यातला मजकूर येथे उतरवतो, कारण कलम ७ त्याने बिघडले:

"प्रेमदादा, भिंत झाली. विटा वर्षभर पडून होत्या, या संक्रांतीनंतर वासुदादांनी गवंडी लावला. बाबा खाटेवर बसून पाहत होते. भिंत छातीएवढी आहे. पण खाली दोन जागी भोके सोडली आहेत, जिथे रूळ जातात तिथेच, वरून कमान केलेली. मी मोजली. रुळापेक्षा हातभर जास्त रुंद, आणि उंची इंजिनाच्या धुराड्याहून चार बोटे वर. गवंड्याला विचारले तर म्हणतो, 'घरच्यानंच सांगतलं, बाई, मले काय मालूम.' वासुदादा म्हणतात, काकाजीनं सांगतलं असन. बाबा म्हणतात, मी काऊन सांगू, माही भित हाये काय? मोठी आई (म्हणजे माझी माय) हसते अन् भांडे घासते. आणि प्रेमदादा, गोठ्यात इंजिनावर तू तरट टाकून गेला होता ना, त्याच्या गाठी कोणीतरी सोडून पुन्हा बांधल्या आहेत. तू मारतो तशी गाठ नाही."

म्हणून कलम ७ असे बदलतो. पट्टीवर भिंत आहे, ती असू द्यावी. पाडू नये. भोके बुजवू नयेत. पावसाळ्यात काळी माती फुगते, तेव्हा कमानीखाली मुरूम टाकत जावा.

कलम ९. इंजिन. बंबासकट, चाकांसकट, कुकरच्या शिट्टीसकट, माझे इंजिन ज्या कोणी गोठ्यात जाऊन त्याची उंची मोजली आणि गवंड्याला सांगितले, त्या माणसास देत आहे. माणूस बाई असली तरी चालेल. त्याचे नाव मला ठाऊक नाही. म्हणून येथे जागा कोरी सोडतो:

श्री. / श्रीमती ______________________ यांस.

अण्णाजींनी हे वाचले. म्हणाले, "कोऱ्या नावाचं मृत्युपत्र टिकत नाही रे. कोणी आव्हान दिलं तर हे कलम उडेल." मी म्हटले, मग काय लिहू? दादा लिहू की काकाजी लिहू की माय? माझ्या डोक्यात तिघेही बसतात आणि तिघेही बसत नाहीत. दादांनी मोजले असेल तर भिंत का घातली? काकाजींनी मोजले असेल तर दादांच्या गोठ्यात गेले कोणत्या वेळी? मायने मोजले असेल तर तिने पाणी तापवायचा बंबच का नाही काढून घेतला?

माझ्या पाळीतला जंगू शेजारी भाकर खात होता. तो समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडकडचा आहे, त्याचे जंगलातले घर मी पाहिले आहे. तो म्हणाला, "कोनं सांगतलं हे पाहाले तरी जिता राह्य लेका. मेला तं आमी कोनाले इचारू?"

त्यामुळे रजेचा अर्जही आजच दिला आहे. तो मंजूर होऊन मी स्वतः वडनेरला पोचलो, तर कलम ९ मधली जागा मी माझ्या हाताने भरीन. न पोचलो, तर गवंड्याला खरे सांगायला लावून मायने भरावी. जागा कोरी आहे म्हणून हा कागद कोणी खोटा म्हणू नये. बाकी सगळे लिहिले आहे ते मला पटलेले आहे, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर मी ते वाचून सही करत आहे.

सही: प्रेमदास नत्थूजी उमाटे

साक्षीदार १: अण्णाजी, हजेरीबाबू (सही). माझ्यासमोर लिहिले व वाचले. कलम ९ बाबत माझा सल्ला वेगळा होता, तो लिहिणाऱ्याने ऐकला नाही.

साक्षीदार २: जंगू, मजूर, डाव्या अंगठ्याचा ठसा. त्यांना वाचून दाखवले. कलम ९ दोनदा वाचायला लावले.

ठिकाण: बोगद्याची पूर्वेकडची छावणी, हिमाचल प्रदेश
दिनांक: १७ फेब्रुवारी १९८५