मोरीतला दगड आणि एकतीस सहली

हसून झालं का? मग आता बसा. भाऊजी, तुम्ही पण बसा. चहा मागू नका, करणारी घरात नाही.

रविवारी याच हॉलमध्ये तुम्ही चौघं हसलात. मी या घरात आल्यापासून ही हसणी ऐकत आलेय, त्यामुळे हसण्याचं विशेष नाही. पण उद्या शनिवारी बाळूचा टेम्पो मोरीतला दगड न्यायला येणार आहे, आणि तो रिकामा परत जाईल. का, ते पाचव्या कलमात आहे. मधली कलमं गाळून तिकडं उडी मारू नका. तुम्ही प्रत्येक जागा तशीच बघितलीत, निदान हा कागद तरी नीट बघा.

तर मी, कौशल्याबाई सोपानराव नेवाळे, वय वर्षे सत्तर, शिक्षण जुनी मॅट्रिक, राहणार नेवाळे वस्ती, चिखली, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. कोणी सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही. शुगर आहे, गुडघे गेलेत, डोकं जागेवर आहे. डॉक्टरचा दाखला टाचणीने जोडलाय, कारण बाळू पहिली शंका तिथंच काढणार. बाळू माझा मुलगा, मोनिका सून, सृष्टी नात. रंगराव धाकटे दीर. ते वारस नाहीत, पण सहलीच्या मीटिंगला जसे न बोलावता येतात तसे याही वाचनाला आलेले असतील असं धरून चालते.

कलम पहिलं. राहतं घर बाळूला. त्यानं ते मनातल्या मनात कधीच पाडलंय आणि वर सात मजले चढवलेत. माझी हरकत नाही. सातव्या मजल्यावरून त्याला काय दिसणार आहे ते मला माहीत आहे: समोरच्या बिल्डिंगचा सातवा मजला.

कलम दुसरं. कपाटातले फोटोंचे आठ अल्बम रंगराव भाऊजींना. चौऱ्याऐंशी सालापासून आपण एकतीस सहली केल्या. त्यातल्या प्रत्येक फोटोत भाऊजी मधोमध उभे आहेत. वेरूळचं कैलास लेणं एवढं डोंगराएवढं, तेही त्यांच्या मागं मावलंय. मी फोटोत नाही, कारण कोणीतरी सामानापाशी बसायला लागतं.

सहल ठरायची कशी, तेही कागदावर यायला पाहिजे. हे होते तोवर कंपनीच्या हॉलिडे होमची यादी यायची आणि यादीत जे रिकामं असेल तिथं आपण जायचो. म्हणून महाबळेश्वर नऊ वेळा. भाऊजींचा नियम असा की छप्पर नसलेली जागा बघायची नाही. हंपीचं नाव पहिल्यांदा निघालं तेव्हा म्हणाले, "पडकं काय बघायचं वहिनी? पडकं आपल्याकडं बी लई हाय." बाळूचा नियम आधी जेवणं ठरवायचा. दोन जेवणांच्या मधे रस्त्यात जे येईल ते बघायचं, आणि मिसळीला उशीर होत असेल तर तेही सोडायचं. मोनिकाचा नियम तिच्या बहिणीवर चालतो. बहीण जिथं गेली तिथं जायचं नाही. जिथं गेली नाही तिथंही जायचं नाही, कारण मग फोटो कुणाच्या फोटोपेक्षा चांगले आले हे ठरवणार कसं?

या देशात माणसांनी छिन्नीनं डोंगर पोखरून ठेवलेत. हजार हजार वर्षं ते उघडे पडलेत, कधीही या म्हणून. आणि तुम्ही चौघं तीन तास मोबाइल फिरवून विचारता काय, तर ब्रेकफास्ट फुकट आहे का.

अजिंठ्याचं तर मी कोणाला सांगतही नाही. सोमवारी गेलो. अजिंठा सोमवारी बंद असतं, हे तिथल्या चहावाल्याला माहीत होतं, आपल्या गाडीतल्या सात माणसांना नव्हतं. मी निघताना विचारलं होतं, एकदा चौकशी करायची का. बाळू म्हणाला, "आई, आपल्याकडं गुरुवारची सुट्टी असते. सोमवारी सगळं चालू असतं." चाकण-भोसरीत गुरुवारी लाइट जाते म्हणून कारखाने गुरुवारी बंद, म्हणून जगानं गुरुवारी बंद राहायचं. बंद गेटापुढं फोटो काढला, दगडी मण्यांच्या माळा घेतल्या आणि परत आलो. अल्बम क्रमांक पाच. खाली मोनिकाच्या अक्षरात लिहिलंय, 'अजिंठा, खूप मजा आली'.

कलम तिसरं. पितळी स्टो, दोन पातेली आणि पिठाचा डबा भंगारात द्यावा. कोणीही आठवण म्हणून ठेवू नये. सुरुवातीची पंधरा वर्षं आपण बाहेरचं खात नव्हतो. म्हणजे तुम्ही खात नव्हता, मी रांधत होते. कार्ल्याला, वेरूळला, दौलताबादला मी जाऊन आलेय असं सगळे म्हणतात. मला विचाराल तर तिन्ही ठिकाणी गाड्या लावायच्या जागा उत्तम आहेत, वाऱ्याला आडोसा आहे आणि पिठलं लवकर होतं.

कलम चौथं. माझ्या अस्थी घेऊन सहल काढू नये. हे कलम मी तीनदा अधोरेखित केलंय. यांच्या अस्थी नाशिकला न्यायच्या ठरल्या, तर त्यालाच जोडून दोन दिवसांचं रिसॉर्ट बुक केलं. मडकं डिकीत, पोहायच्या ट्यूबशेजारी. रस्त्यात नाष्ट्याला थांबलात तेव्हा मी गाडीतून उतरले नाही. मोनिका खिडकीशी येऊन म्हणाली, "आई, चला ना, बाबांनाही मिसळ आवडायची." आवडायची हे खरं. म्हणून मी काही बोलले नाही, आणि त्याचा राग मला अजून माझाच येतो. माझ्या अस्थी इंद्रायणीत सोडा. पाण्यावर कारखान्यांचा फेस आहे, तर फेसासकट चालेल. चालत जा आणि जेवायला घरी या.

कलम पाचवं. आता दगड.

एक्याऐंशी साली घरामागं मोरी बांधली. यांनी आपल्या शेताच्या बांधावर उभा असलेला दगड बैलगाडीत घालून आणला. कमरेएवढा, काळा. एका बाजूला तीन खणांत माणसं कोरलेली, खालच्या खणात गाई. मी म्हटलं, कोरलेली बाजू वर येऊ द्या, बरी दिसेल. हे म्हणाले, "नक्षीवर कापड फाटंल. पालथा घालू." पालथा घातला. त्यावर मी चव्वेचाळीस वर्षं धुणं आपटलं. मशीन आलं तरी बाळूच्या पांढऱ्या शर्टांच्या कॉलरी मशीनमध्ये निघत नाहीत, म्हणून आपटतच राहिले.

एकोणीस साली हंपीला गेलो. का गेलो, तर रिसॉर्टला मोठा स्विमिंग पूल होता. दुसऱ्या दिवशी त्याची सफाई निघाली, वेळ कसा काढायचा म्हणून म्युझियमला गेलो. तिथं गाइडनं एका दगडापुढं उभं केलं. म्हणाला, हा वीरगळ. खाली गाई सोडवताना पडलेला माणूस. मधे त्याला वर घेऊन जाणाऱ्या अप्सरा. वरच्या खणात तो देवापुढं बसलाय. आणि सगळ्यात वर सूर्य-चंद्र, म्हणजे ते आहेत तोवर याचं नाव राहील.

मी म्हटलं, "बाळू, असा दगड आपल्या मोरीत आहे."

भाऊजींना हसू आवरेना. "वहिनी, तिकीट काढून मोरी बघायला आलो का आपण?"

बाळू मला कोपऱ्यात घेऊन समजावायला लागला. "आई, हा म्युझियममधला आहे." जणू म्युझियममध्ये दगड उगवतात. मग तुम्ही सगळ्यांनी त्या वीरगळाबरोबर सेल्फी काढले. एकटी सृष्टी परत दगडापाशी आली आणि तिनं मला विचारलं, "आजी, हा खालचा माणूस ज्या गाईंसाठी मेला, त्या त्याच्या होत्या का?" गाइडला विचारलं. गाइड म्हणाला, बहुतेक गावाच्या.

घरी आल्यावर मी सहा वर्षं म्हणतेय, दगड उलटा करा. कोणाला वेळ नव्हता. मोनिका म्हणाली, मोरीच्या टाइल्स निघतील. भाऊजी म्हणाले, देवदेवस्की असंल, हात लावू नका. सहा वर्षं मी त्या माणसाच्या पाठीवर धुणं आपटत राहिले, आणि आता मला माहीत होतं कुणाच्या. तुमचा तिरस्कार करताना हेही लिहायला हवं, म्हणून लिहिलं.

मग यंदा बाळूनं चाकणच्या पुढं ॲग्रो टुरिझम काढलं. त्याच्या कन्सल्टंटनं सांगितलं, लोकांना हल्ली हेरिटेज लागतं. तेव्हा बाळूला मोरी आठवली. "आई, तो दगड स्विमिंग पूलच्या कडेला उभा करू. खालून लाइट सोडू." म्युझियममध्ये नव्हता तोवर तो दगड नव्हताच. आता पाहुणे येणार, तर झाला. मी नाही म्हटलं. बाळू म्हणाला, शनिवारी टेम्पो सांगितलाय.

आणि ह्या रविवारी तुम्ही मेची सहल ठरवायला बसलात. आयुष्यात पहिल्यांदा मी एक नाव घेतलं. जुन्नर. तिथं हसलात.

"आई, ते तुझं माहेर आहे," बाळू म्हणाला. "माहेरी कोण सहलीला जातं?"

भाऊजींनी भर घातली की जुन्नरला बघायला हाय काय, भोकं नुसती. मोनिका म्हणाली, तुमचे गुडघे, तुम्हाला चढवणार नाही, तुम्ही या वर्षी शेजारच्या विमलबाईंकडे राहा ना.

तर ऐका. काल गुरुवार होता. शेजारच्या वर्कशॉपला सुट्टी, त्यांची हायड्रा क्रेन उभी. हायड्रा चालवणारा कोंडीराम माझ्या शब्दातला आहे. तुम्ही सगळे मॉलमध्ये मेच्या सहलीचे कपडे घ्यायला गेला होतात. कोंडीरामनं भिंतीवरून क्रेनचा हात आत घातला, पट्टा लावला, आणि दगड वर आला. चव्वेचाळीस वर्षांचा साबण खालून ओघळला. मी नळीनं धुतला.

यांचं आयुष्यभरात एकच काम चांगलं झालं, तेही चुकून. गावातले बाकीचे असे दगड उन्हापावसात आणि शेंदराखाली झिजून गोळा झालेत. आपला पालथा होता. त्या माणसाचं नाक शाबूत आहे. हातातली तलवार, गाईंची शिंगं, अप्सरांच्या वेण्या, सगळं काल केल्यासारखं. कोंडीराम दगडापुढं उकिडवा बसला. मग म्हणाला, "काकू, ह्यो तर पोरगाच हाय की. मिसरूड बी न्हाई."

दगड आता बांधाच्या जुन्या जागी उभा आहे. वर्कशॉपच्या कंपाउंडला लागून जे दोन गुंठे माझ्या नावावर राहिलेत, तिथं. पुरातत्त्व खात्याला फोटोसकट रजिस्टर पत्र टाकलंय. हलवायचा असेल तर आता बाळूनं सरकारला विचारावं.

कलम सहावं. ते दोन गुंठे मला दगडालाच द्यायचे होते. वकील म्हणाले, दगडाला देता येत नाहीत. म्हणून ते सृष्टीला, दगडासाठी. अटी अशा: टाइल्स नाहीत, शेंदूर नाही, लाइट नाही, तिकीट नाही, नगरसेवकाचा फोटो असलेला फलक नाही. सृष्टी, रविवारी तूही हसलीस, ते मी लिहून ठेवते. पण गाई कुणाच्या होत्या हे तू एकटीनं विचारलंस. म्हणून माझ्या पाटल्याही तुला, आणि या घराची सहल ठरवायचा हक्कही. मतं घ्यायची नाहीत. बाकीचे 'पुढच्या वर्षी बघू' म्हणाले तर थांबू नकोस, एकटी जा.

कलम सातवं, आणि मग मी निघते. लहानपणी मी जुन्नरच्या लेण्यांत शेळ्या बसवून भाकरी खायचे. दगडी ओटे, दुपारी थंडगार. भिंतीवर अक्षरं होती. आमच्या शाळेच्या मास्तरांनी सांगितलं होतं की त्यात कोणी काय दिलं ते लिहिलंय. कोणी पाण्याचं टाकं दिलं, कोणी शेत दिलं, कोणी आंब्याची झाडं. नाव, गाव, काय दिलं, झालं. माणसं गेली, पाणी अजून टाक्यात आहे. त्यांना एकेक ओळ पुरली. मला सात कलमं लागली, कारण त्यांच्या घरात तुम्ही नव्हता.

एवढ्या सगळ्या जागांपुढं उभं राहून भाऊजींनी मला काहीच दिसू दिलं नाही. आता एक जागा मी समोरून बघणार आहे. गुडघ्यांना जेवढ्या पायऱ्या जमतील तेवढ्या. बाकीच्या बसून. किती दिवस, ते ठरवलेलं नाही.

फोन फ्रीजवर ठेवलाय, बंद करून. मागं गाडी पाठवू नका. तुम्हाला रस्ता माहीत नाही, तुम्ही जेवायला थांबाल.

साक्षीदार:
१. विमलबाई दत्तोबा काळभोर, शेजारीण. हिला काही दिलेलं नाही, कारण साक्षीदाराला द्यायचं नसतं असं वकील म्हणाले. ती म्हणाली, मला तुझं काय करायचंय. (सही)
२. कोंडीराम सावळाराम जाधव, हायड्रा चालक, पहिल्या शिफ्टला जाण्याआधी समक्ष हजर. (सही)

सही: कौशल्याबाई सोपानराव नेवाळे
ठिकाण: चिखली. शुक्रवार, २५ एप्रिल २०२५, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं.

रिक्षा दारात आली. बाळू, तुझे पाच पांढरे शर्ट बादलीत भिजत घातलेत. मोरीत दगड नाही.