ग्रहणात चिरलेली वांगी

आई,

तुझा मुलगा म्हणतो, माणूस चंद्रावर कधी गेलाच नाही. एका मोठ्या खोलीत वाळू पसरून, दिवे लावून केलेलं ते नाटक होतं म्हणे. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मी हसले. दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा वाद घातला. आणि या भाद्रपदातल्या पौर्णिमेला, ग्रहणाच्या दिवशी, आम्ही बहीणभाऊ त्याच्या दारात असे भांडलो की शेजारच्या फार्महाऊसचा रखवालदार कुंपणापाशी येऊन बघत उभा राहिला. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलत नाही. नको बोलू दे. मी चुकलेले नाही, आणि तू असतीस तर माझ्याच बाजूने उभी राहिली असतीस, म्हणून हे तुला लिहायला बसले आहे.

तू गेलीस तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटलं होतं. आता तो गाडी चालवतो. पहाटे कोळवणहून निघायचं, मारुंजीच्या सोसायट्यांतून कंपनीतली माणसं उचलायची, त्यांना सोडायचं आणि संध्याकाळी परत आणेपर्यंत गाडीतच सीट मागे करून पडून राहायचं. या पडून राहण्यात त्याचा सोबती म्हणजे फोन. तुझ्या वेळचा तो काळा डबा नव्हे. हा खिशात मावतो, यात चित्रं हलतात, बोलतात, आणि एकदा जे चाखलं तेच पुन्हा पुन्हा ताटात पडत राहतं. नको म्हटलं तरी वाढत राहणाऱ्या विहीणबाईसारखा आग्रह. त्यातून याने चंद्र उचलला. "झेंडा हलतोय बघ की. वारा न्हाई म्हनत्यात आन झेंडा हलतोय! आन तारं कुटं हायेत? यवढ्या वर्सांत परत का न्हाई ग्येलं कोन?" मी सांगितलं, झेंड्याला आडवी काठी होती, रोवताना हलला. भर उन्हात फोटो काढला की मागचे तारे उमटत नाहीत. आपल्याच देशाच्या यानाने वरून फोटो काढले, त्यात ती माणसं उतरली ती जागा दिसते. आणि अरे, हजारो माणसं राबली त्या कामात, एवढ्यांच्या पोटात एक गुपित इतकी वर्षं राहील? आपल्या वाडीत सकाळचं गुपित संध्याकाळच्या चुलीपर्यंत टिकत नाही. तो म्हणाला, "आक्का, तू सरकारी मानूस. तुला असंच बोलावं लागतंय."

सरकारी माणूस म्हणजे मी उपकेंद्रातली नर्सबाई. या खोऱ्यातल्या किती बायकांची पोटं मी तपासली असतील!

त्याची बाजूही तुला सांगते, नाहीतर म्हणशील, भावाची चहाडी करते. फार्महाऊसवाल्यांनी मोजणी आणली तेव्हा आपल्या खाचराकडे जायची वाट त्यांच्या कुंपणात गेली. कागदावर वाट कधी नव्हतीच, असं त्याला इंग्रजीत सांगण्यात आलं. तू त्या वाटेने डोक्यावर भाताचे भारे आणलेस, मी आणले, आणि ती वाट नव्हती! तो या टेबलाकडून त्या टेबलाकडे फिरला, कोणी त्याचं खरं मानलं नाही. त्यानंतर त्याने ठरवून टाकलं की शिकलेली, साहेबी माणसं जे जे सांगतात ते सगळं खोटं. हे दुःख खरं आहे. त्याच्या जागी मी असते तर मीही दगड घेऊन उभी राहिले असते. पण ज्यांनी वाट खाल्ली त्यांना सोडून तो चंद्राला दगड मारत बसला, याचा मला राग येतो. आणि चंद्र तुझा होता, आई. त्याला हे माहीत नाही, किंवा माहीत असून तो विसरला.

तू लग्न होऊन आलीस त्या वर्षी लावणीच्या दिवसांत पाटलांच्या पडवीत रेडिओवर ती बातमी लागली होती, असं तू सांगायचीस. तुम्ही बायका चिखलाचे पाय घेऊन अंगणात उभ्या, पडवीत चढायची आपल्याला मुभा नव्हती. तिथूनच तू ऐकलंस. पुढे कधीतरी गुळाच्या पुडीला आलेल्या कागदावर तुला तो फोटो सापडला, फुगीर पांढऱ्या कपड्यातला माणूस. तू तो भाताच्या खळीने चुलीमागच्या भिंतीला चिकटवलास. धुराने तो माणूस हळूहळू आपल्यासारखा काळा झाला. शेजारणी विचारायच्या, ह्यो कुनाचा द्येव? तू म्हणायचीस, "द्येव न्हाई, मानूस हाय. म्हनून तर लावलाय."

मी तिसरीत होते तेव्हाचं ते सूर्यग्रहण मला आजही दिसतं. माघातली दुपार आहे. तुझे दिवस भरत आलेले, पोटात हाच. सगळ्या गावाची दारं लागली आहेत. पोटुशीनं ग्रहणात काही चिरलं की पोराचा ओठ फाटतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि तू दार सताड उघडून, उंबऱ्याच्या आत विळी घेऊन बसली आहेस आणि वांगी चिरते आहेस. ऊन पिठासारखं फिकं पडत चाललंय, कोंबड्या खुराड्याकडे निघाल्यात. मी रडत तुझा पदर ओढते, आत चल म्हणते. तू विळीवरून नजर न काढता दटावतेस, "रडतीस कशापायी? हितं बस आन फोडी पान्यात टाक. काळ्या पडत्यात."

जरा वेळाने पाटलांच्या थोरल्या काकू त्यांच्या बांधावरून हाक मारतात. सुपात जोंधळे आणि जुनं लुगडं काढून ठेवलंय त्यांनी. पूर्वी ग्रहण लागलं की आपल्या माणसांनी गावभर "दे दान, सुटे गिरान" ओरडत फिरायचं आणि गावाने सुपातलं दान टाकायचं. सूर्याचंद्राला गिळणारा तो राहू आपल्याच जातीचा मानलेला, तेव्हा त्याला भीक घालून सोडवायचं. गावाने आपल्याला आभाळातही महारवाड्यातच ठेवलं होतं. धर्म बदलला तेव्हा आपल्या वाडीने हे सोडलं, पण काकूंच्या सुपाला ते कळलं नव्हतं. "अगं, गिरान सुटायला आलं की! हाळी द्याया कोन न्हाई व्हय तुमच्यातलं?" तू बसल्या जागेवरून खणखणीत आवाजात म्हणालीस, "न्हाई काकू. त्ये आपलं आपुन सुटतंय. ज्या चंद्रावर मानूस चालून आला, त्येचीच सावली हाय ही. कोन गिळतंय आन कोन सोडवतंय?" काकू सूप घेऊन आत गेल्या. सावली सरकली, ऊन पुन्हा पिवळं झालं. कोणीही ओरडलं नव्हतं.

हा जन्मला तेव्हा बायका बाळंतिणीला भेटायच्या निमित्ताने ओठ बघायला आल्या. तू बाजारात बैलाचे दात दाखवावेत तसं प्रत्येकीला त्याचं तोंड उघडून दाखवत होतीस. "बघ. नीट बघ. आत टाळू पन बघ." काय ती तुझी मिजास! मला वाटतं, तुझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा सण होता.

आता या भाद्रपदातलं सांगते. त्याची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. तिला आठवा महिना चालू होता आणि गरोदरपणात साखर वाढलेली, म्हणून इन्सुलिन लावलेलं. सुई घेतली की वेळेवर खायचं, हे मी तिला दहादा बजावलं होतं. चंद्रग्रहण रात्री होतं, पण वेध दुपारीच लागतात. आणि ज्या घराने तू जिवंत असताना वेध पाळले नाहीत, त्या घराने पाळले, कारण फोनने तुझ्या मुलाला सांगितलं होतं की ग्रहणाचे किरण गर्भाला जाळतात आणि डॉक्टर लोक हे लपवून ठेवतात. आधी चंद्रावर कोणी गेलं नाही, मग विज्ञान सगळं खोटं, मग जुनं सगळं खरं! आपल्याला ज्या खड्ड्यातून वर यायला दोन पिढ्या लागल्या त्यात हा गाडीत पडल्यापडल्या उतरला, आणि वर त्याला वाटतं की आपण फार हुशार झालो.

मी दुपारी उशिरा गेले तर पोरगी आतल्या खोलीत, खिडकीला गोधडी लावलेली, अंधारात उताणी. हात थंडगार, घामाने चिंब, बोलताना जीभ जड. दुपारच्या जेवणाआधीची सुई घेतलेली, तेवढ्यात वेध लागले म्हणून त्यानंतर पोटात काही नाही, पाणीसुद्धा नाही. मी स्वयंपाकघरातून साखर आणली. त्याने दारात माझं मनगट धरलं.

"वेध लागल्यात, आक्का."

"साखर उतरलीय तिची. हात सोड."

"काय पुरावा हाय तुज्याकडं, की ग्रहनात खाल्ल्यानं काय व्हत न्हाई?"

"तू!" मी ओरडले. "तू हायेस की पुरावा! आई गिरानात वांगी चिरत बसली व्हती, तू पोटात असताना. आरशात बघ जाऊन तुझा ओठ!"

त्याचा हात सुटला. मी साखर पोरीच्या तोंडात घातली, थोडं थोडं पाणी पाजलं. जरा वेळाने तिची नजर ठिकाणावर आली. दारातलं भांडण मात्र चालूच होतं. तो म्हणत होता, आईचं नशीब चांगलं होतं. मी म्हणत होते, आईची अक्कल चांगली होती. तेवढ्यात ती भिंत धरत बाहेर आली आणि म्हणाली, "आत्या, आज्जीनं खरंच विळी घेतली व्हती?" मी म्हटलं, खरंच. तिने भाकरी मागितली, पोटभर जेवली. मग म्हणाली, "मला बी विळी दे." घरात काकड्या होत्या. ती उंबऱ्याच्या आत, तू बसायचीस तिथेच बसली आणि चिरायला लागली. तुझा मुलगा गाडी काढून निघून गेला. रात्री नातेवाइकांच्या ग्रुपवर त्याचा निरोप आला: माझ्या मुलीला किंवा बाळाला काहीही झालं तर सर्वस्वी जबाबदार तिची आत्या.

राहीन जबाबदार. उपाशी ठेवलं असतं तर त्या दुपारी ती बेशुद्ध पडली असती, बाळाचंही काही खरं नव्हतं, याची जबाबदारी कोणत्या फोनने घेतली असती?

पण त्या निरोपावर मी बरेच दिवस विचार करते आहे. मी त्याला म्हटलं, तू पुरावा आहेस. खरं तर तो पुरावा नव्हे. बाळाचा ओठ पहिल्या तीन महिन्यांतच जुळून जातो. तू विळी घेतलीस तेव्हा त्याचा केव्हाच जुळला होता. आणि काही मुलांचे ओठ फाटके असतात, ग्रहण असो नसो. मी पाहिली आहेत ती मुलं, शिवून छान होतात. समज, हा तसा जन्मला असता तर? काकूंचं सूप खरं ठरलं असतं, तू जन्मभर बोलणी खाल्ली असतीस. तरीही चंद्र दगडमातीचाच राहिला असता. माणूस तिथे चालून आला ही गोष्ट तुझ्या पोरावर अवलंबून नव्हती. एका पोराच्या ओठावरून चंद्र ठरवायचा नसतो. एका हलत्या झेंड्यावरूनही ठरवायचा नसतो. हे मला त्याला सांगायचं होतं आणि मी सांगितलं नाही. त्या दारात मी त्याच्यासारखीच भांडले, हातात आली ती वस्तू उचलून फेकली. तरी मी माघार घेणार नाही. दर ग्रहणाला मी या खोऱ्यात दारोदार जाणार आहे, जेवा म्हणून सांगणार आहे, आणि कोणी विचारलं तर म्हणणार आहे, व्हय, माणूस चंद्रावर गेला होता, माझ्या आईने पाटलांच्या अंगणात उभं राहून ऐकलंय.

हे पत्र तुला पोचणार नाही आणि त्याला मी देणार नाही. उपकेंद्राच्या टेबलाशी बसून लिहिते आहे, बाहेर लसीकरणाला आलेल्या बायका बसल्या आहेत. पोरीचे दिवस आता भरलेत, कधीही फोन येईल. सोनोग्राफी ठीक आहे, साखर आटोक्यात आहे. तिला तेव्हा जेवायची गरज होती; काकडी चिरायची काहीच गरज नव्हती. असू दे, राहू दे, म्हणाले असते तर तिने विळी ठेवली असती. मी म्हणाले नाही. बाळ धडधाकट यावं असं मला रोज वाटतं, आणि आई, ते फक्त बाळासाठी वाटत नाही.