माळवदावरची माती

२ जून १९७६, बुध.
विम्याच्या नुकसानीच्या पाहणीला साहेबांबरोबर सावरगावला. एका शाळामास्तरांचं माळवदाचं, मातीच्या सपाट छताचं घर. परवाच्या वळवात मधली खोली बसली. माणसं ओसरीत होती म्हणून वाचली. बिऱ्हाड आता शाळेच्या व्हरांड्यात. गुरुजींनी घराचा विमा उतरवला आहे; वस्तीत पहिलाच.
विम्यात आग आणि वीज. जुनेपणा, झीज, स्वतःच्या भारानं कोसळणं: नाही. वादळपावसाचा हप्ता वेगळा. तो घेतलेला नाही.
म्हणजे वीज ठरली तर घर पुन्हा उभं राहील. एरवी नाही.

३ जून, गुरु.
साहेब परत गेल्यावर गुरुजींनी जय भीम केला. मीही केला. मग मोजमाप, एकटीनं.
परसातला कडुलिंब विजेनं शेंड्यापासून चिरलेला. त्या बाजूच्या भिंतीचा गिलावा उडाला आहे. तुळई मात्र मध्यात मोडली. जळाल्याची खूण नाही.
ढिगाऱ्यात छताचा एक तुकडा सलग राहिलाय. मातीचे थरावर थर.
गुरुजींच्या पत्नी: "दर साली मीच टाकते पांढरी माती. एक थेंब गळला न्हाई कधी."
जुनी काढत नाही?
"घरावरची माती खाली आणू न्हाई. बरकत जाती."
गुरुजी हसले. "छप्पन साली देव्हारा उचलला, उपास सोडले. ही माती तेवढी डोक्यावर राहिली."
"तुमी पुस्तकं बघा. छत मी बघितलं म्हणून तर..." त्यांची नजर ढिगाऱ्यातल्या थरांवर गेली.
एसटीपर्यंत पोचवायला आल्या. "ताई, वीज समद्या गावानं पाह्यली हाय."
मी मान हलवली. हलवायला नको होती.

५ जून, शनि. परभणी.
भाराचं गणित पुन्हा केलं. एवढ्या मातीखाली तुळई कधीच जायला हवी होती. गेली नव्हती. त्यात माती भिजलेली, त्यात भिंतीला हादरा.
साहेब म्हणाले, "कारण एकच लिहायचं. दोन लिहिलीत तर कंपनी नाकारायला सोयीचं तेच उचलते."
कोणतं?
"ढिगारा तुम्ही पाहिलाय. सोमवारी द्या."

६ जून, रवि.
सकाळी चहात माती पडली. वर आमच्या माळवदावर आई, पांढऱ्या मातीची पाटी घेऊन.
"आधी जुनी काढ."
"शिकलीस म्हणून घर सोलतीस का गं?"
फावडं घेऊन वर गेले. एक कोपरा खरवडला. खाली तेच थर. आणखी खाली तेच. आई पाटी कडेवर घेऊन बघत राहिली; रिकामी केली नाही, खालीही नेली नाही.
दुपारी अहवाल. मापं, नकाशा, भिंत, झाड, थर, सगळं शाईनं. ‘कारण’पुढं पेन्सिलनं ‘वीज’.
अजून तसंच आहे.